मार्सेलिसच्या दोन चर्चमधली चाल: पाहुण्यांचे नेहमीचे प्रश्न

मार्सेलिसला राहायला येऊन मला नऊ वर्षं झाली. तेव्हापासून पुणे, ठाणे, कोल्हापूर आणि एकदा थेट टोरांटोहून आलेल्या पाहुण्यांना मी सँ-व्हिक्तोरपासून नोत्र-दाम द ला गार्दपर्यंत चालवत नेलं आहे. प्रश्न दर वेळी तेच असतात. ते एकदाचे लिहून काढले की पुढच्या पाहुण्याला फक्त हे पाठवून द्यायचं आणि वाटेत गप्पा मारायला मोकळं व्हायचं, एवढाच हेतू.

हे आपलं "मार्सेलिस" तेच ना, सावरकरांच्या उडीचं?

तेच. फ्रेंच माणूस "मार्सेय" म्हणतो. आपल्याकडे शाळेच्या पुस्तकापासून मार्सेलिस रुजलंय, म्हणून मीही तसंच लिहिते. उडीबद्दल वेगळा प्रश्न खाली आहे, थोडा धीर धरा.

पण हीच दोन चर्च का? शहरात मोठं कॅथेड्रल आहे की.

आहे. बंदराच्या उत्तरेला पट्ट्यापट्ट्यांचं, भलं थोरलं. बघा जरूर. पण मार्सेलिसच्या माणसाला त्याबद्दल विचारलंत तर तो "हो, सुंदर आहे" म्हणून विषय बदलतो. त्याचा जीव अडकलेला असतो दुसऱ्याच दोन ठिकाणी. एक जुन्या बंदराच्या दक्षिण काठावरचा सँ-व्हिक्तोरचा मठ, जिथे जमिनीखाली पंधराशे वर्षांपूर्वीची थडगी आहेत. दुसरं टेकडीवरचं नोत्र-दाम द ला गार्द, जिच्या माथ्यावर सोनेरी मरियम उभी आहे. तिला इथे कुणी तिच्या पूर्ण नावाने हाक मारत नाही, "बोन मेर" म्हणतात. बोन मेर म्हणजे चांगली आई. आपल्या तोंडी "माउली" जसं बसतं तसंच.

खालचं दर्याला खेटून, वरचं दर्यावर नजर ठेवून. दोन्हीकडे येणारी माणसं पिढ्यान् पिढ्या तीच: खलाशी, मासेवाल्या, त्यांच्या घरची बायकामुलं.

अंतर किती? चढ किती?

अंतर सव्वा किलोमीटरच्या आसपास. म्हणजे सपाटीवर असतं तर कुणी विचारलंही नसतं. पण टेकडी १४९ मीटर उंच आहे आणि मठ समुद्राच्या जेमतेम वर, त्यामुळे जवळजवळ सगळी वाट चढाची. पर्वती ज्यांनी न थांबता चढली आहे त्यांना हे थोडं जास्त वाटेल. सिंहगडवाल्यांनी मात्र उगाच मिशीवर ताव मारू नये, कारण इथला चढ डांबरी आणि उन्हाचा आहे.

नुसतं चालायला पाऊण तास धरा. दोन्ही चर्च नीट बघून, मध्ये बागेत बसून, अर्धा दिवस.

बसने वर जाऊन चालत उतरलं तर नाही का चालणार? सोपं पडेल.

सोपं पडेल. पण मी नेत नाही.

कारण सांगते. सँ-व्हिक्तोर अंधाराचं ठिकाण आहे. तळघरात उतरलं की डोळे सरावायला वेळ लागतो, दगडाला गारवा असतो, आवाज आपोआप खाली येतो. नोत्र-दाममध्ये नेमकं उलटं: सोनं, निळाई, वारा आणि चहूकडे समुद्र. आधी वरचा झगमगाट बघून खाली आलेल्या माणसाला तळघर म्हणजे "अरे, इथे तर काहीच नाही" असं वाटतं. माझ्या एका मावसभावाने अगदी याच शब्दांत सांगितलं होतं, आणि चूक माझीच होती, मीच त्याला आधी बसने वर नेलं होतं. खालून चढत गेलात तर मान वर केली की ती सोनेरी मूर्ती कुठल्या तरी गल्लीच्या टोकाला दिसते, मग घराआड जाते, मग जरा मोठी होऊन पुन्हा दिसते. पंढरीच्या वाटेवर कळस दिसतो तेव्हाची गंमत ज्याला ठाऊक आहे त्याला जास्त सांगायला नको.

सँ-व्हिक्तोर चर्च आहे की किल्ला?

पहिल्यांदा बघणारा प्रत्येक जण हेच विचारतो. जाडजूड भिंती, दोन चौकोनी बुरूज, वर तटावरच्यासारखे दंतुर कठडे. चर्चच आहे, पण बंदराच्या तोंडाशी आणि जुन्या शहराच्या तटबंदीबाहेर, म्हणजे चाचे आणि शत्रू आले की पहिला मार यालाच. आज दिसते ती तटबंदी चौदाव्या शतकातली. गियोम ग्रिमोआर नावाचा इथला मठाधिपती १३६२ मध्ये पोप झाला, पाचवा अर्बन या नावाने. पोपची गादी तेव्हा रोमला नव्हती, इथून जवळच आव्हिन्यॉंला होती. पोप झाल्यावरही तो आपला मठ विसरला नाही. भिंती उंचावल्या, बुरूज मजबूत केले आणि मेल्यावर इथेच पुरा म्हणून सांगून ठेवलं. पुढे त्याचा देह इथेच आणून पुरला.

मूळ मठ मात्र त्याहून कितीतरी जुना, सुमारे ४१५ सालचा. जाँ कास्सियां नावाच्या साधूने तो स्थापला असं परंपरा सांगते. हा माणूस आधी इजिप्तच्या वाळवंटातल्या तपस्व्यांमध्ये बरीच वर्षं राहून आला होता, त्यांची शिस्त त्याने पश्चिमेकडे आणली. जागाही त्याने अशी निवडली की जिथे ग्रीकांच्या काळात दगडाची खाण होती, मग त्या खाणीतच दफनभूमी झाली आणि त्या दफनभूमीत व्हिक्तोरची समाधी होती असं लोक मानत. व्हिक्तोर रोमन सैनिक, चौथ्या शतकाच्या सुरुवातीला ख्रिस्ती धर्म सोडायला नकार दिला म्हणून मारला गेला. जात्याखाली भरडून मारलं, अशी कथा आहे.

आत नेमकं काय बघायचं? आम्हाला चर्चमधलं फारसं कळत नाही.

वरच्या चर्चमध्ये बसा पाच मिनिटं, कमानी बघा आणि मग तळघराचं तिकीट काढा. किरकोळ पैसे आहेत, तिथे काटकसर करू नका. खरा ऐवज खालीच आहे.

खाली उतरलात की कळतं, हे तळघर म्हणून बांधलेलंच नाही. हेच आधीचं चर्च. तेराव्या शतकात त्याच्या डोक्यावर नवं उभं राहिलं आणि जुनं खाली गेलं. दगडी शवपेट्या रांगेने ठेवल्या आहेत, त्यांच्या अंगावर कोरलेली माणसं, द्राक्षवेली, मेंढ्या. काही ठिकाणी भिंत म्हणजे सरळ डोंगराचा कातळ. त्याला हात लावून बघा, छिन्नीच्या तिरक्या रेघा बोटाला लागतात. त्या चर्चवाल्यांच्या आधी आलेल्या पाथरवटांच्या असाव्यात, असं मला आपलं वाटतं.

फ्रेंच राज्यक्रांतीत मठाची दैना झाली. १७९४ मध्ये लूट झाली, सोन्याचांदीच्या वस्तू टांकसाळीत गेल्या आणि इमारतीचं गोदाम, तुरुंग, बराक असं एकेक होत गेलं. एका अर्थी तेच पथ्यावर पडलं. उपयोगाची इमारत म्हणून पाडली गेली नाही.

तळघरातली काळी मूर्ती कोणाची?

मरियमचीच, मांडीवर बाळ येशू. अक्रोडाच्या लाकडाची, तेराव्या शतकाच्या आसपासची, वयाने काळवंडलेली. विठोबा पाहत वाढलेल्या माणसाला तिचा रंग वेगळा वाटत नाही. माझी आई तर आत शिरताच चपला काढायला वाकली होती, मीच थांबवलं.

लोककथा अशी की ही मूर्ती समुद्रातून वाहत बंदराच्या काठाला लागली. दर वर्षी २ फेब्रुवारीला, इथे शांद्लर म्हणतात त्या सणाला, पहाटे अंधारातच जुन्या बंदरावर माणसं जमतात. हातात हिरव्या मेणबत्त्या. मूर्तीला हिरवं वस्त्र नेसवलेलं. मिरवणूक बंदरापासून मठापर्यंत चढत येते, आर्चबिशप शहराला आणि समुद्राला आशीर्वाद देतात आणि मग शेजारच्या बिस्किटांच्या भट्टीलाही. मेणबत्ती विझवून घरी नेतात आणि वर्षभर जपून ठेवतात. मी दोनदा गेले आहे. थंडी मरणाची असते, पण पहाटेची काकड आरती ज्यांच्या अंगात मुरली आहे त्यांना झेपेल. तारखा जुळत असतील तर त्याच आठवड्यात या.

मधली वाट कशी? चुकायला होतं का?

मूर्ती डोळ्यासमोर ठेवली की चुकत नाही, पण सरळ रेषेत जाऊ नका, फार खडे चढ लागतात.

मठातून बाहेर पडून आधी समोरच्या चौकात उभं राहा. खाली जुनं बंदर, शेकडो शिडांच्या होड्या, समोरच्या काठावर नगरपालिकेची जुनी इमारत. मग कोर्देरीच्या रस्त्याकडे वळा. कोर्देरी म्हणजे दोर वळण्याची जागा. जहाजांचे दोरखंड इथे वळले जायचे आणि दोरखंड वळायला लांबच लांब सरळ जागा लागते, म्हणून हा रस्ता असा नाकासमोर.

या रस्त्यावर २०१७ मध्ये एक नवी इमारत उठत होती. पायासाठी खणताना ग्रीकांची दगडाची खाण लागली, इसवी सनापूर्वी सहाव्या शतकातली, म्हणजे शहर वसलं त्याच शतकातली. फोकाइया नावाच्या गावाहून आलेल्या ग्रीक दर्यावर्दींनी सुमारे इ.स.पू. ६०० मध्ये हे शहर वसवलं, मस्सालिया नावाने. आजूबाजूचे रहिवासी रस्त्यावर उतरले, घोषणा, फलक, सगळं झालं. शेवटी खाणीचा एक तुकडा राखला गेला आणि बाकीवर इमारत झाली. जुने वाडे आणि बिल्डर यांचं आपल्याकडे जे चालतं ते बघितलेल्या माणसाला यात नवल काही नाही.

पुढे प्युजे बाग लागते. शहरातली सर्वांत जुनी सार्वजनिक बाग, १८०१ सालची. इथे बसायचंच. बाकावर सावली असते, पाणी प्या, बूट सैल करा. बागेच्या वरच्या अंगाने बाहेर पडलं की खरी चढण सुरू होते: अरुंद गल्ल्या, दारातल्या कुंड्या, मधूनच पायऱ्या. शेवटची गल्ली फोर द्यु सांक्त्युएर, म्हणजे देवस्थानाच्या किल्ल्याची. नावावरूनच कळेल, वरही किल्ला आहे.

उन्हाळ्यात जावं का?

जुलै-ऑगस्टमध्ये सकाळी आठच्या आधी निघा, नाहीतर संध्याकाळी. मी एका ऑगस्टमध्ये सासूबाईंना दुपारी दीडला घेऊन निघाले होते, एका छोट्या बाटलीच्या भरवशावर. बागेपर्यंत त्या काही बोलल्या नाहीत. बागेच्या वर गेल्यावर एका पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "तू जाऊन ये, मी इथूनच नमस्कार करते." त्या दिवशी त्यांनी तिथूनच नमस्कार केला.

आणि वारा?

मिस्त्राल. उत्तरेकडून येतो, आकाश धुऊन काढल्यासारखं निळंभोर करतो आणि टेकडीवर माणसाला उभं राहू देत नाही. टोपी, ओढणी, पदर, सगळं खोचून घ्या. पण मिस्त्राल असलेल्या दिवशी वरून जे दिसतं ते एरवी दिसत नाही, हेही खरं.

आईबाबांचे गुडघे दुखतात. त्यांचं काय?

त्यांच्यासाठी ६० नंबरची बस. जुन्या बंदरावरून सुटते आणि टेकडीवर नेऊन सोडते. बंदरावरून पर्यटकांची छोटी आगगाडीसुद्धा जाते, नातवंडं असतील तर तीच बरी. बस थांबल्यावरही वर पायऱ्या उरतात, त्या सावकाश. आईबाबांना आधी सँ-व्हिक्तोर दाखवा, मग बसमध्ये बसवा, तुम्ही चालत जा आणि वर भेटा.

पूर्वी इथे चक्क उद्वाहक होता, उतारावरून वरखाली जाणारे दोन डबे. १८९२ ते १९६७ पर्यंत चालला. मग गाड्या आल्या, लोक गाडीनेच वर जायला लागले आणि तो बंद पडला. आजही म्हातारी माणसं त्याची आठवण काढून हळहळतात, आणि चढताना मीही.

वर पोचल्यावर आधी कुठे जायचं?

आधी कुठेच नाही. कठड्याला टेकून श्वास घ्या.

वाटेवर एक रणगाडा लागेल. त्याचं नाव जान दार्क. २५ ऑगस्ट १९४४ ला जर्मन सैन्याकडून ही टेकडी सोडवताना तो इथेच पडला. चढाई करणाऱ्यांत अल्जिरियन शिपायांची तुकडी होती, हे इथल्या कार्यक्रमांत अलीकडे जरा जास्त मोठ्याने सांगितलं जातं, आधी कमी सांगत. चर्चच्या बाहेरच्या भिंतीवर गोळ्यांचे खळगे अजून आहेत. मुद्दाम बुजवलेले नाहीत. माझी करंगळी एकात पहिल्या पेरापर्यंत जाते.

आत शिरताना उचलता पूल लागतो, कारण चर्चच्या आधी इथे किल्ला होता. १२१४ मध्ये एका पाद्र्याने टेकडीवर छोटं देऊळवजा चर्च बांधलं. तीनशे वर्षांनी, १५२४ मध्ये शहराला वेढा पडला आणि त्यानंतर राजा पहिला फ्रान्सिस याने त्या चर्चभोवती किल्लाच उभारला. दारावर त्याचं चिन्ह आहे, आगीत न जळणारी पाल. तेव्हापासून तोफा आणि प्रार्थना एकाच आवारात नांदल्या. वर पूजा, खाली दारूगोळा.

आजची इमारत १८५३ ते १८६४ मधली, सजावट त्यानंतरही चालू होती. तिचा वास्तुकार आंरी-जाक एस्पेरांद्यू तेव्हा ऐन पंचविशीत होता आणि तो प्रोटेस्टंट होता. कॅथलिक शहराची सगळ्यात लाडकी आई एका प्रोटेस्टंट पोराच्या हातून उभी राहिली, आणि ही गोष्ट इथले लोक फारशी चघळत नाहीत. पांढरा दगड जवळपासचा, हिरवा फ्लॉरेन्सजवळचा. त्याचेच ते पट्टे.

दोन मजले आहेत. खालचा कातळात कोरलेला, बसका, साधा. वरचा म्हणजे डोळे दिपतील असा: घुमटांत सोनेरी मोझेइक, मोर, पोपट, फुलं, जहाजं. फरशी बघायला विसरू नका, तीही मोझेइकची आहे, आणि लोक मान वर करून तिच्यावरून चालत जातात.

माथ्यावरची मूर्ती १८७० मध्ये बसवली, ११.२ मीटर उंच, तांब्याची, वर सोन्याचा मुलामा. आतून पोकळ आहे, आत जिना आहे, पण तो आपल्यासाठी नाही. मनोऱ्यातल्या मोठ्या घंटेचं वजन ८,२३४ किलो.

छताला होड्या का टांगल्या आहेत?

नवस फेडलेला आहे तो. मला हा प्रश्न आला की फार आनंद होतो, कारण फ्रेंच मित्रांना जे समजावताना माझी दमछाक होते ते मराठी माणसाला एका शब्दात कळतं.

वादळात सापडलेला खलाशी बोन मेरला साकडं घालायचा: वाचव, तुझ्या दारी येईन. वाचला की यायचा. पैसेवाला असेल तर चित्रकाराकडून प्रसंग रंगवून घ्यायचा. भिंतीवर ती चित्रं दाटीवाटीने लावली आहेत: कलंडलेलं जहाज, काळ्या लाटा आणि कोपऱ्यात ढगांत छोटीशी मरियम. काही चित्रं घरातली आहेत, पलंगावर आजारी मूल, गुडघे टेकून बसलेली आई. ज्याला चित्र परवडायचं नाही तो संगमरवराची छोटी पाटी लावायचा. पाट्यांवर बहुतेक वेळा एकच शब्द असतो, "मेर्सी", म्हणजे उपकार झाले, आणि साल. कधी तेही नाही, नुसती आद्याक्षरं. छताखाली तारांना टांगलेल्या होड्या वाऱ्याने हलतात. त्यांच्यात विमानंसुद्धा आहेत, काळ बदलला तशी संकटाची वाहनं बदलली.

वांद्र्याच्या मोत माउलीला मेणाचे हातपाय वाहताना ज्यांनी पाहिलं आहे त्यांना ही रीत ओळखीची वाटेल. तिथेही कोळी येतात, हिंदू येतात, कुणी विचारत नाही. इथेही कुणी विचारत नाही. फुटबॉलच्या सामन्याआधी तर बोन मेरच्या भक्तांत नास्तिकही सामील होतात.

सावरकरांनी उडी मारली ती जागा इथून दिसते का?

अखेर हा प्रश्न. दर वेळी वर पोचल्यावर, श्वास जागेवर आला की विचारला जातोच.

उडी जुन्या बंदरात मारलेली नाही, हे आधी लक्षात घ्या. शिडाच्या होड्यांचं ते चौकोनी बंदर वाफेच्या मोठ्या जहाजांना कधीच अपुरं पडू लागलं होतं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून त्यांच्यासाठी उत्तरेला, जोलिएतच्या बाजूने, नव्या गोद्या बांधल्या. कठड्याच्या उत्तर अंगाला उभं राहिलात की जुन्या बंदराच्या पलीकडे तो लांबच लांब धक्का आणि क्रेन दिसतात. नजर तिकडे लावा.

हकिगत थोडक्यात: मार्च १९१० मध्ये लंडनला अटक, १ जुलैला "मोरिया" या जहाजावरून मुंबईकडे रवानगी, ७ जुलैला जहाज मार्सेलिसला लागलं. ८ जुलैच्या सकाळी शौचकुपाच्या गोल खिडकीतून अंग काढून सावरकरांनी पाण्यात उडी घेतली, पोहत धक्का गाठला आणि पळत सुटले. फ्रान्सच्या भूमीवर पाय लागला, म्हणजे इथे आश्रय मागता येईल, हा हिशेब होता. पण फ्रेंच पोलिसाने धरलं आणि पाठलाग करत आलेल्यांच्या हवाली केलं. सोडवायला येणाऱ्या क्रांतिकारक मादाम कामा वेळेवर पोचू शकल्या नाहीत.

आपल्या मनात जे चित्र असतं त्यात खवळलेला अथांग समुद्र असतो. जहाज बंदरात होतं, धक्का जवळ होता. वरून बघितल्यावर काही पाहुणे हे ऐकून खट्टू होतात. मला त्यात खट्टू होण्यासारखं काही वाटत नाही. अवघड ते पोहणं नव्हतंच. पहाऱ्यातून त्या खिडकीतून अंग काढणं अवघड होतं, आणि त्याहून अवघड होतं, भाषा न येणाऱ्या शहरात पोलिसाला "मला पकड, पण त्यांना देऊ नकोस" हे समजावणं.

पुढे फ्रान्सने हरकत घेतली, प्रकरण हेगच्या लवाद न्यायालयात गेलं. २४ फेब्रुवारी १९११ ला निकाल लागला: अटक करून परत सोपवण्यात अनियमितता झाली खरी, पण म्हणून ब्रिटनने कैदी परत द्यावा असं बंधन नाही. तोवर मुंबईत शिक्षा झालेली होती.

एक गोष्ट मी इथे उभी असताना प्रत्येकाला सांगते. १९१० मध्ये ही सोनेरी मूर्ती इथे चाळीस वर्षं उभी होती. मार्सेलिसला येणाऱ्या जहाजावरच्या माणसाला सगळ्यात आधी दिसते ती हीच. "मोरिया" आत शिरताना हीच टेकडी आणि हीच मूर्ती समोर होती.

धक्क्यावर जाऊन हात जोडायचे म्हणाल तर गोद्या चालू आहेत, कुंपणाआड. त्यापेक्षा इथूनच बघा. शहरात भारताशी जोडलेली दुसरी जागा आहे माझार्गची युद्ध-दफनभूमी. १९१४ च्या सप्टेंबरमध्ये भारतीय पलटणी पहिल्यांदा याच बंदरात उतरल्या, त्यांच्यातले अनेक जण तिथे कायमचे राहिले. १२ फेब्रुवारी २०२५ ला शहरात भारताचं वाणिज्य दूतावास उघडलं, त्या दिवशी पंतप्रधान तिथेही गेले होते.

समोरच्या बेटावरचा तो किल्ला कुठला?

शातो दीफ. तोही पहिल्या फ्रान्सिसनेच बांधला. त्याच्या आधी ते बेट ओसाड होतं, आणि त्या ओसाड बेटावर १५१६ च्या जानेवारीत एक गेंडा उतरला होता. हसू नका, खरं आहे. गुजरातच्या सुलतानाने तो पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कला भेट दिला, गोव्याहून तो जहाजातून लिस्बनला पोचला, तिथून पोर्तुगालच्या राजाने पोपला नजराणा म्हणून रोमला धाडला. वाटेत इथे मुक्काम पडला आणि फ्रान्सिस राजा त्याला बघायला आला. पुढे इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटलं आणि साखळीत जखडलेला बिचारा बुडाला. गोव्याचे पाहुणे असले की हे मी अगदी रंगवून सांगते.

कपडे, फोटो, तिकीट?

नोत्र-दामला तिकीट नाही. खांदे-गुडघे झाकलेले असावेत. प्रार्थना चालू असेल तर फोन खिशात.

एकट्या बाईने चालावं का?

दिवसा बिनधास्त. जुन्या बंदराच्या गर्दीत पर्स पुढे धरा, चढणीवर तुम्ही आणि मांजरंच असता.

शाकाहारी माणसाने खायचं काय?

पानिस मागा. हरभऱ्याच्या डाळीचं पीठ पाण्यात घोटून शिजवतात, थंड करून घट्ट करतात, चकत्या कापून तळतात. म्हणजे पाटवडीच की, फक्त फोडणी, मिरची आणि कोथिंबीर विसरलेली. वरून मिरपूड. मी पर्समध्ये तिखटमिठाची डबी ठेवते आणि लाजत नाही.

ती होडीच्या आकाराची बिस्किटं कुठे मिळतात? भारतात नेता येतील का?

नाव्हेत. मठाशेजारी, रू सँत या रस्त्यावर, १७८१ पासूनची भट्टी आहे. २ फेब्रुवारीला आशीर्वाद मिळतो तो याच भट्टीला. वितभर लांब नाहीत, पण होडीसारखी दोन्हीकडे निमुळती, मधोमध चीर, आणि पिशवी उघडली की संत्र्याच्या मोहराचा वास. अंडं चालत नसेल तर घेण्याआधी विचारून घ्या. निघतानाच घ्या, चढताना बागेत एखादं खाता येतं.

दगडासारखी कडक असतात, म्हणून न्यायला उत्तम, बॅगेत चुरा होत नाही. बाबांनी पहिल्यांदा चहात बुडवून धरलं, मारीच्या हिशेबाने दोन सेकंद. काढून चावलं, मग परत बुडवलं. पेपरचं पहिलं पान वाचून होईपर्यंत ते कपात तसंच उभं होतं.